सातव्या तासाचं आमेन

आमेन म्हणणं हे माझं काम आहे. पगार नाही, पण काम आहे. बेथबारा बाप्टिस्ट चर्चमध्ये पहिल्या बाकाच्या उजव्या टोकाला मी बसतो. पास्टर वाक्य संपवून श्वास घेतात, ऑर्गन वर चढतो, आणि मी पहिलं आमेन, म्हणजे तथास्तु, टाकतो. मग बाकीचे म्हणतात. पहिलं पडलंच नाही तर लोक एकमेकांची तोंडं बघत बसतात, जेवणाला पहिला हात कोणी लावायचा म्हणून बसावं तसे. कित्येक वर्षं हे मी बिनबोभाट केलं. वाक्य ऐकायची गरजच पडत नाही, ऑर्गन ऐकला की भागतं. आणि तिथंच घोडं पेंड खायला लागलं.

माझं नाव रूझवेल्ट टार्व्हर. रविवारी डीकन, म्हणजे चर्चचा कारभारी, टार्व्हर, बाकीचे सहा दिवस कोच टार्व्हर. हॅरो क्रीक हायस्कूलचा फुटबॉलचा संघ माझा. फुटबॉल म्हणजे आमचा अमेरिकेतला, हेल्मेट घालून एकमेकांवर कोसळायचा. शाळेत मी मोटार चालवायला शिकवतो, कारण कोचनं काहीतरी शिकवलं पाहिजे असा नियम आहे. मी स्वतः विद्यापीठाकडून खेळलो. चार वर्षं होतो तिथं. लायब्ररी कुठं होती विचारू नका, जिमचा रस्ता डोळे झाकून दाखवीन.

माझ्या ऑफिसच्या भिंतीवर फोटो आहेत. खेळावर ज्यांना विद्यापीठं घेऊन गेली ती आमची पोरं. एक जण आता आमच्याच शाळेला बर्फ पोचवणारी गाडी चालवतो. दोघं कोंबड्यांच्या कारखान्यात आहेत. एक जण दर शुक्रवारी सामन्याला येतो, कुंपणाला टेकून उभा राहतो आणि नव्या पोरांना “वाकून पळा रे, वाकून!” म्हणून ओरडतो. त्याला स्वतःला आता वाकता येत नाही. बाकी भिंत छान दिसते.

टेव्हिन मोझली हा माझा बचावाचा कप्तान. सहा फूट दोन इंच, आणि खांदे असे की दारातून तिरका आत येतो. हा पोरगा गावात कुठंही गेला की लोक विचारणार, “कुठला बॉल खेळतोस?” दुकानात दूध आणायला गेला तरी तेच. तुझा आवडता विषय कोणता, असं त्याला उभ्या जन्मात कोणी विचारलं नव्हतं. मीही नव्हतं.

जुलैत तो माझ्या ऑफिसात आला आणि टोपी काढून हातात धरली. पोरगं टोपी काढतं तेव्हा काहीतरी महाग मागणार असतं.

“कोच, मला कॅल्क्युलस घ्यायचंय.”

“कुठं दुखतंय का तुला?”

“नाही सर. इंजिनियर व्हायचंय. पूल बांधायचेत. आपलं काळ्यांचं एक जुनं विद्यापीठ आहे, तिथं खेळून इंजिनियरिंगही करता येतं. पण कॅल्क्युलस नसेल तर ते दारात उभं करत नाहीत.”

“मग घे की. मी काय गणिताच्या आड येतोय?”

“सातव्या तासाला आहे, सर.”

सातवा तास शेवटचा. आणि आमच्याकडे शेवटचा तास खेळणाऱ्या पोरांसाठी माझा असतो. बाकीची शाळा बस पकडायला पळते तोवर आम्ही तासभर गवतावर घाम गाळलेला असतो. कॅल्क्युलसचा वर्ग अख्ख्या शाळेत एकच, तोही सातव्याच तासाला, कारण ड्युबोज बाई दुपारपर्यंत दुसऱ्या शाळेत शिकवतात. त्या वर्गात पाच मुली होत्या. वेळापत्रक कोणी बनवलं ठाऊक नाही. पण हे दोन तास कधी एकाच पोराला लागतील असं त्याच्या स्वप्नातही आलं नसणार.

“टेव्हिन,” मी म्हणालो, “दोन दगडांवर पाय ठेवला की काय होतं?”

त्यानं विचार केला. खरोखरच केला. “दगड एकमेकांपासून किती लांब आहेत त्यावर आहे, सर.”

“हे बघ बाळा. देवानं तुला हे खांदे दिलेत, हेच तुझं तिकीट. मोठी मोठी विद्यापीठं तुझ्या दारात येतील. पूल बांधायला दुसरी माणसं आहेत. नाही म्हणजे नाही.”

“हो सर,” तो म्हणाला, टोपी घातली आणि गेला. इतक्या पटकन ‘हो सर’ म्हणणाऱ्या पोरावर विश्वास ठेवू नये. मी ठेवला.

ऑगस्टमध्ये शाळा उघडायच्या आधीच्या रविवारी आमच्या चर्चमध्ये दप्तरांना आशीर्वाद देतात. पोरं नवी दप्तरं घेऊन पुढं येतात, एकेक जण माइक घेतो आणि देवाचे आभार मानतो. कोणी नव्या बुटांबद्दल, कोणी आजी दवाखान्यातून घरी आली म्हणून. एका चिमुरड्यानं कुत्र्याबद्दल मानले. मी माझं काम करत होतो. खरं सांगायचं तर डोळ्यांपुढं टकरव्हिलचा सामना होता. टकरव्हिलकडून हरलो की आमच्या गावात आठवडाभर कोणी कोचला चहासुद्धा विचारत नाही.

टेव्हिननं माइक घेतला.

“पहिल्यांदा देवाचे आभार.” ऑर्गन. “आमेन,” मी म्हणालो.

“माझ्या आईचे आभार. दोन दोन पाळ्या करून तिनं मला वाढवलं.” ऑर्गन. “आमेन!” त्याची आई लव्होनिया कॉयरमध्ये, गाणाऱ्यांच्या रांगेत उभी होती, ती डोळे टिपायला लागली.

“आणि माझ्या कोचचे आभार.” इथं ऑर्गन पायऱ्या चढायला लागला. एक, दोन, तीन. असा तो फक्त ईस्टरला चढतो, येशूच्या थडग्यावरचा दगड सरकतो तेव्हा. “कारण त्यांनी मला सातव्या तासाला कॅल्क्युलसच्या वर्गात बसायची आणि सरावाला उशिरा यायची परवानगी दिली!”

ऑर्गननं छप्पर उचललं.

“आमेन!” मी म्हणालो. मोठ्यानं. उभा राहून. हात वर करून.

टाळ्यांचा कडकडाट झाला. मागच्या बाकावरच्या एका म्हाताऱ्या बाईनं माझ्या पाठीवर हात ठेवून म्हटलं, “देव तुमचं भलं करो, डीकन.” तेव्हा कुठं ते वाक्य माझ्या कानातून डोक्यात पोचलं. मी ऑर्गनकडं बघितलं. ऑर्गनवर कोण बसतं ते सांगायचं राहिलंच. कॅल्क्युलसच्या ड्युबोज बाई. त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही. त्या चष्मा पुसत होत्या.

प्रार्थना संपल्याबरोबर मी पास्टरना गाठलं. ते झगा उतरवत होते.

“पास्टर, आमेन परत घेता येतं का?”

“रूझवेल्ट, आजवर हे मला कोणी विचारलेलं नाही.”

“मी विचारतोय.”

“नाही.”

“समजा, चुकून निघालं असेल तर?”

“तोंडातून चुकून निघालं, मान्य,” पास्टर म्हणाले. “पण हात कसा वर गेला?”

बाहेर उन्हात गाड्यांपाशी लव्होनिया, ड्युबोज बाई आणि टेव्हिन उभे होते. लव्होनिया आणि मी एकाच वर्गात शिकलो. म्हणजे ती शिकली.

“काय रे रूझवेल्ट, लिंबू चोखल्यासारखं तोंड का केलंस?”

“लव्होनिया, हा कट आहे.”

“कसला कट? तुझ्या तोंडात काय आम्ही हात घातला होता?”

“बाई,” मी ड्युबोज बाईंकडं वळलो, “तुम्ही देवाच्या घरात ऑर्गन वाजवून...”

“मी वाजवते, कोच. कोणाचं तोंड केव्हा उघडतं ते मी बघत नाही.”

माणसानं तोंडघशी पडावं, पण पडताना निदान मूठभर माती तरी उचलावी. मी म्हणालो, “ठीक. आमेन म्हटलं ते म्हटलं. पण माझी अट आहे. ऑक्टोबरात पहिला निकाल लागतो. कॅल्क्युलसमध्ये ऐंशीच्या खाली गेलास, तर सातव्या तासाला मैदानावर यायचं. कायमचं. पुन्हा विषय नाही.”

“माझ्याकडे ऐंशी सहज पडत नाहीत,” ड्युबोज बाई म्हणाल्या.

“म्हणूनच ऐंशी.”

“कबूल, सर,” टेव्हिन म्हणाला आणि हात पुढं केला. मी तो दाबला. “आणि उशिरा आलास की मैदानाला चार फेऱ्या,” मी म्हणालो. “आमेन वर्गाबद्दल होतं. फेऱ्यांबद्दल मी काही म्हटलेलं नाही.”

“हो सर.”

सप्टेंबरभर तो रोज उशिरा आला आणि रोज चार फेऱ्या पळाला. त्याच्या बोटांना खडू लागलेला असायचा. पोरांनी त्याचं नाव प्रोफेसर पाडलं. “प्रोफेसर, माझ्या सुजलेल्या अंगठ्याचं क्षेत्रफळ काढून दे की!” “प्रोफेसर, आज पोरींनी मारलं की बाईंनी?” तो म्हणायचा, “सगळ्यांनी.” त्या पाचही मुली त्याच्यापेक्षा हुशार होत्या आणि हे तो सगळ्यांना आपणहून सांगायचा. वर्गात सगळ्यात मागं आपणच आहोत याचं त्याला काही वाटत नव्हतं, वर्गात आहोत एवढंच पुष्कळ वाटत होतं. मला हे कळत नव्हतं. मी त्याच्याकडून फेऱ्या मोजून घ्यायचो.

मग टकरव्हिलचा सामना आला. सरावाच्या पहिल्या तासात मी पोरांना समोरच्या संघाच्या खोड्या फळ्यावर काढून दाखवतो. टेव्हिन तेव्हा वर्गात असायचा. नंतर दुसरा कोणी त्याला घाईघाईत सांगायचा. शेवटच्या मिनिटाला टकरव्हिलच्या पोरानं डावीकडं हुलकावणी दिली, आमचा कप्तान डावीकडं गेला, आणि बॉल उजवीकडून आरामात निघून गेला. हरलो.

शनिवारी मी ओटिसच्या दुकानात केस कापायला गेलो. जायला नको होतं. ओटिसनं मशीन लावून अर्धं डोकं केलं आणि मग विषय काढला.

“डीकन, ते पोरगं डावीकडं गेलंच कसं?”

“डोक्यात आकडे भरलेत त्याच्या,” खुर्चीवर वाट बघणारा एक जण म्हणाला.

“त्याच्या डोक्यात आकडे, मान्य,” दुसरा म्हणाला. “ज्यानं परवानगी दिली त्याच्या डोक्यात काय भरलंय?”

“परवानगी नव्हती दिली,” मी म्हणालो. “आमेन म्हटलं होतं.”

सगळं दुकान हसलं. ओटिस मशीन बंद करून हसला. अर्धं डोकं भादरलेल्या माणसाला उठून जाता येत नाही. मी तोंड दाबून बुक्क्यांचा मार खाल्ला.

सोमवारी चार फेऱ्या संपल्यावर मी टेव्हिनला बाजूला घेतलं. “बघितलंस? एक ना धड, भाराभर चिंध्या. सोड ते कॅल्क्युलस.”

तो धापा टाकत होता. “सर, मी हुलकावणीला फसलो. तुमच्या मोटारीच्या वर्गात बसलो असतो तरी फसलोच असतो.”

“अजून दोन फेऱ्या.”

“हो सर.”

ऑक्टोबरच्या सुरुवातीला एका मोठ्या विद्यापीठाचा माणूस आला. नाव कॉलियर. माझ्यासारखाच काळा, माझ्यासारखाच माजी खेळाडू, फक्त बूट माझ्यापेक्षा चकचकीत आणि बोटात जिंकलेल्या स्पर्धेची अंगठी, अक्रोडाएवढी. माझ्या ऑफिसात, त्या फोटोंच्या भिंतीखाली आम्ही तिघं बसलो. कॉलियरनं टेव्हिनचं वजन विचारलं, उंची विचारली, हात पसरायला लावून लांबी बघितली. मग म्हणाला, “सगळं आमच्याकडून. राहणं, खाणं, फी. तुझ्या आईला एक पैसा पडायचा नाही.”

मी खूश होतो. हेच तर मी जुलैत म्हणालो होतो.

टेव्हिननं टोपी काढली. “सर, तुमच्याकडे खेळणाऱ्या मुलांना इंजिनियरिंग घेता येतं का? मला पूल बांधायचेत.”

कॉलियर हसला. कुजकं हसू नव्हतं. वाईट माणूस असता तर मला बरं वाटलं असतं. “बाळा, प्रयोगशाळा दुपारी दोनला, आणि आमचा सरावही दुपारी दोनला. आमची पोरं क्रीडा व्यवस्थापन घेतात. छान विषय आहे, सोपा आहे. पूल बांधायला दुसरी माणसं आहेत.”

माझं वाक्य. शब्दाला शब्द. या माणसानं मला पूर्वी कधी बघितलेलं नव्हतं आणि माझंच वाक्य त्याच्या तोंडात होतं, त्याच मायेनं, त्याच भिंतीखालून. असलंच वाक्य मला माझ्या कोचनं सांगितलं होतं, तेही आठवलं. मी सतरा वर्षांचा होतो आणि मला शेतीचा डॉक्टर व्हायचं होतं, म्हणजे पिकांचा. असला काही विषय असतो हे मला एका कॅलेंडरवरून कळलं होतं. ते मी कधी बायकोलाही सांगितलेलं नाही.

“हो सर,” टेव्हिन कॉलियरला म्हणाला आणि टोपी घातली. ते ‘हो सर’ मला ओळखीचं होतं.

कॉलियर गेल्यावर मी भिंतीवरचे फोटो एकेक करून बघितले. मला राग आला होता, आणि तो कोणावर काढावा कळेना. मग रडू आलं. बाहेर चाळीस पोरं वाट बघत होती, म्हणून मी शिट्टी तोंडात धरली आणि बाहेर गेलो.

आता कोणी म्हणेल, मग अट मागं घ्यायची. सोपं आहे म्हणणं. शब्द मोडला म्हणून मी पोरांना बाकावर बसवलेलं आहे, आणि हा शब्द मी चर्चच्या आवारात हात दाबून दिला होता. ऐंशी म्हणजे ऐंशी. मी फक्त एवढंच केलं की निकालाच्या आदल्या दिवशी कॉयरची तालीम संपल्यावर ड्युबोज बाईंच्या गाडीपाशी सहज उभा राहिलो.

“बाई, पेपर तपासताना कधी एखादा गुण इकडंतिकडं होतो का हो?”

“कोच, तुम्ही रेफ्रीला विचारता का, एखादं यार्ड इकडंतिकडं होतं का म्हणून?”

“विचारतो.”

“देतो?”

“नाही.”

“मग?” म्हणाल्या आणि गाडीत बसल्या. काच खाली करून पुढं म्हणाल्या, “पोरगं धडपडतंय खूप.” हे त्यांनी का सांगितलं ते मला त्या रात्री झोप येईपर्यंत कळलं नाही, आणि झोप काही आली नाही.

निकालाच्या रविवारी आमच्याकडे पोरांना चर्चमध्ये उभं राहून आपले गुण वाचून दाखवावे लागतात. चांगले असोत, वाईट असोत. गावानं वाढवलंय तर गावाला हिशेब द्यायचा, अशी रीत. पोरी आधी वाचून गेल्या. प्रत्येकीमागं ऑर्गन, आमेन, टाळ्या. त्या पाचांतल्या एकीला कॅल्क्युलसमध्ये सत्त्याण्णव होते, तिच्या बापानं दोन्ही पायांवर उड्या मारल्या.

टेव्हिन उभा राहिला. सगळं चर्च पुढं वाकलं. माझ्या अटीची बातमी ओटिसच्या दुकानातून केव्हाच गावभर झालेली होती.

“इंग्रजी, अठ्ठ्याऐंशी.” ऑर्गन. आमेन. “इतिहास, एक्क्याण्णव.” ऑर्गन. आमेन. “भौतिकशास्त्र, चौऱ्याऐंशी.” आमेन!

मग तो थांबला. त्यानं कागद घडी करून खिशात ठेवला.

“कॅल्क्युलस, चौऱ्याहत्तर.”

ऑर्गन वाजला नाही. ड्युबोज बाईंचे दोन्ही हात मांडीवर होते. त्यांनीच दिलेले चौऱ्याहत्तर, आणि आता त्या चष्म्याआडून समोरच्या भिंतीकडं बघत होत्या. कॉयरमध्ये लव्होनियानं मान खाली घातली. मागं एक मूल काहीतरी बोललं, त्याला कोणीतरी चूप केलं.

टेव्हिन बसला नाही. माइकमध्ये, माझ्याकडं बघत म्हणाला, “मी कोचना शब्द दिला होता. ऐंशीच्या खाली गेलो तर उद्यापासून सातव्या तासाला...”

“आमेन!” मी म्हणालो.

सगळ्या माना माझ्याकडं वळल्या. पास्टरचीसुद्धा.

“सर, अजून वाक्य संपलं नाही,” टेव्हिन म्हणाला. “ऐंशीच्या खाली...”

“मी चौऱ्याहत्तरला म्हटलंय.” मी उठलो. गुडघा कटकन वाजला, ते अख्ख्या चर्चनं ऐकलं असेल. “चौऱ्याहत्तर. आमेन!”

“पण अट, सर...”

“आमेन म्हटलं ना रे, गाढवा! खाली बस!”

आधी लव्होनिया म्हणाली, “आमेन.” मग ओटिस. मग मागची ती म्हातारी, मग सगळे, आणि ऑर्गन सगळ्यांच्या मागून आला, एरवी कधी येत नाही तसा. टेव्हिन खाली बसला आणि त्यानं तोंड दोन्ही हातांत घेतलं. ते खांदे हलत होते. मी दुसरीकडं बघितलं.

बाहेर गाड्यांपाशी तो माझ्याकडं आला. “कोच, शब्द म्हणजे शब्द असं तुम्हीच म्हणता.”

“म्हणतो. उद्या वर्गात जा. आणि उशीर झाला की चार फेऱ्या.”

“पण मग अटीचं काय, सर?”

“मी काय करू?” मी म्हणालो. “एकदा म्हटलेलं आमेन परत घेता येत नाही. ऑगस्टमध्येच मी चौकशी केली होती.”